झडप कुणाची बसवायची

माझ्या छातीत पहिल्यांदा जी झडप बसली ती डुकराची होती. आज मी हे कुणालाही सांगते. ऐकणारा हसतो नाहीतर नाक मुरडतो, आणि मला दोन्हीचं काही वाटत नाही. पण सत्तरच्या दशकात, औंढ्याला देवळामागच्या गल्लीत, पूजेचा मान असलेल्या घरात सून म्हणून नांदताना हे तोंडातून काढायची सोय नव्हती. बरेच दिवस मी ते काढलंही नाही. ज्या दिवशी काढलं त्या दिवशी दुसरा इलाज उरला नव्हता.

माझं माहेर हिंगोलीकडच्या पुसेगावचं. लहानपणी माझा घसा सारखा धरायचा, ताप यायचा आणि मागोमाग गुडघे सुजायचे. आई निरगुडीचा पाला गरम करून बांधायची, सूज उतरायची आणि मी पुन्हा शेतात पळायला मोकळी. त्या तापाने जाता जाता हृदयाची एक झडप आखडवून ठेवली, हे आम्हाला कळलं थेट लग्न झाल्यावर. सासरी आडावरून घागर आणताना मला मधेच टेकावं लागायचं. सासूबाईंना आधी ते कामचुकारपणाचं सोंग वाटलं. त्यांचं तरी काय चुकलं, माझा चेहरा दिसायला चांगला तुकतुकीत होता. मग एकदा खोकताना रक्त पडलं तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. आमचा जिल्हा तेव्हा परभणी. तिथल्या डॉक्टरांनी नळी लावली, कपाळाला आठी घातली आणि मुंबईला न्या म्हणाले.

माझ्या वडिलांनी हा आजार सगळ्या गावाला सोपा करून सांगितला. "विहिरीवरच्या इंजिनाचा फुटवॉल धरून बसला की पाणी चढत न्हाई, तसं हाय. वॉल बदलला की झालं." जन्मभर इंजिनं दुरुस्त केलेला माणूस तो, त्याला तेवढंच कळलं. मुंबईच्या डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

इस्पितळ मोठं होतं, सरकारी. नवरा एका धर्मशाळेत उतरला होता आणि भेटीच्या वेळेपुरता यायचा. बाकीचा दिवस मी खिडकीकडे बघत काढायची. तिथली भाषा आपलीच, पण कुणाचं बोलणं आपल्यासारखं नाही. नर्स "काय होतंय गं तुला?" असं विचारायची आणि मला उगाचच रडू यायचं. अशात शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "काहून रडून राहिली बाई? म्या मरून परत आले, तरी रडत न्हाई."

ती सेनगावजवळच्या एका खेड्यातली. बौद्ध घरातली, माझ्याहून थोडी मोठी, दोन लेकरांची आई. भाऊ मुंबईत सरकारी कचेरीत नोकरीला होता म्हणून ती इथवर पोचली होती. आमच्या भागात ती आणि मी एका सतरंजीवर कधी बसलो नसतो, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. इथे मात्र आमच्या खाटांमध्ये हातभर जागा होती. तिला धातूची झडप बसली होती. वॉर्डात शांतता झाली की ती टिकटिक मला स्पष्ट ऐकू यायची. "छातीत घड्याळ बसवलं हाय," ती म्हणायची, "पर टायम सांगत न्हाई मेलं."

माझी वेळ आली तेव्हा डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. धातूची झडप टिकते, पण रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, वरचेवर रक्त तपासावं लागतं. ती सोय औंढ्याला कुठली? शिवाय त्या गोळ्यांवर दिवस गेले तर लेकराला धोका आणि आईलाही. मला अजून मूल नव्हतं. तेव्हा त्यांच्या मते माझ्यासाठी प्राण्याची झडप बरी. सुरुवातीचे थोडे महिने गोळ्या, मग काही नाही. फक्त ती जन्माला पुरत नाही, झिजते, आणि तरुण माणसात लवकर झिजते. पुन्हा एकदा छाती उघडावी लागणार हे धरूनच चालायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

"प्राण्याची म्हणजे कशाची?" नवऱ्याने विचारलं.

डुकराची झडप औषधात मुरवून बरणीत ठेवलेली असते, डॉक्टर म्हणाले. वासराच्या हृदयावरच्या पातळ पडद्याची शिवलेलीही मिळते, पण तिचा अनुभव अजून कमी आहे. नवऱ्याचा चेहरा पडला. डुक्कर चालणार नाही, आमच्या घरात देवाची पूजा आहे. आणि वासरू म्हणजे गाईचंच, ते तर पापच. डॉक्टर थोडे वैतागले. तिसरी माणसाची असते, मेलेल्या माणसाची, पण ती हृदयात दुसऱ्या जागी चांगली बसते, हिची बिघडली आहे त्या जागी नाही. आणि ती मिळेलच असंही नाही.

नवरा अगदी साळसूदपणे म्हणाला, "मिळाली तर कोणत्या जातीच्या माणसाची असंल?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारच्या खाटेवर ती जागीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती छातीवर हात दाबून हसायला लागली, टाके ताजे होते तरी हसली. "माझं बेस हाय दादा," ती म्हणाली, "लोखंडाला जात नसती." डॉक्टरांनी खाली मान घातली. नवऱ्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मला असा राग आला की भीतीच पळाली. मी म्हणाले, "डॉक्टर, डुकराची बसवा." लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या देखत मी घेतलेला तो पहिला निर्णय. नवऱ्यानेही कागदावर सही केली. माणूस वाईट नव्हता. त्यालाही मी जगायला हवी होते, फक्त घरी सांगता येईल अशा रीतीने.

ती रीत त्याने परतीच्या गाडीत काढली. मनमाडला गाडी बदलून आम्ही बसलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "घरी स्टीलचा वॉल बसवला म्हणून सांगू." भाऊबंद टपलेलेच होते. पूजेची पाळी चार घरांत वाटलेली, आणि एका घराला काही विटाळ लागला म्हटलं की उरलेली तीन घरं ती पाळी आपसांत वाटून घ्यायला तयार. त्याचं भय खोटं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत मान हलवली.

घरी पोचल्यावर त्याने भीत भीत सुरुवात केली आणि मग तो रंगातच आला. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं सगळं माझ्या नावावर खपवलं. स्टीलचा वॉल, घड्याळासारखा वाजतो! झालं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया ऐकायला यायला लागल्या. एकेक जण पदर सावरून माझ्या छातीला कान लावायची. पहिला मान सासूबाईंचा. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "व्हय, वाजून राहिलं बराबर." सासूने ऐकल्यावर मागून येणारी कोण नाही म्हणेल? सगळ्यांना ऐकू आलं. एक म्हातारी तर म्हणाली, तिच्या जावयाच्या घड्याळापेक्षा माझा आवाज खणखणीत आहे.

सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. मग हळूहळू हसू गेलं. इतक्या बाया माझ्या अंगाला चिकटून बसायच्या, आणि माझ्या आत काय आहे ते त्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. मी चार माणसांत असून एकटी पडले होते. नवरा तेवढा जाणून होता, पण तो त्या विषयावर एकांतातही बोलायचा नाही, जणू आपण सांगितलेलं त्याला स्वतःलाच पटलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असावा.

माझं खरं बोलणं व्हायचं ते फक्त मुंबईला तपासणीला गेल्यावर. सेनगावची आणि मी ठरवून एकाच वेळी जायचो. हिंगोलीच्या स्टेशनवर ती आणि तिला न्यायला मुंबईहून आलेला भाऊ, मी आणि माझे वडील. माझ्यावर खपवलेली टिकटिक मी तिला सांगितली तेव्हा ती इतकी हसली की भावाने घाबरून पाणी आणलं. "माझा आवाज तुला उसना देऊ का बाई?" म्हणाली. इस्पितळाच्या बाकावर आमच्यासारख्याच इतर बाया भेटायच्या. कोणाची माणसाची झडप होती, कोणाची आमच्यासारखी. आम्ही एकमेकींना विचारायचो, दम लागतो का, पाय सुजतात का, घरचे बोलतात का. पुढच्या खेपेला गेलो की कोण आलं नाही हेच आधी बघायचो.

एका खेपेला सेनगावची स्टेशनवर दिसली नाही. वाटलं, पुढे गेली असेल. मुंबईला बाकावर तिचा भाऊ एकटाच माझी वाट बघत बसलेला. ओल्या जमिनीवर कामाला वाकलेली असताना तिचा एक हात लुळा पडला, मग वाचा गेली, मग तीच गेली. हिंगोलीच्या दुकानात गोळ्या संपल्या होत्या. येतील येतील म्हणत दिवस गेले, आणि रक्त तर गेल्या कित्येक महिन्यांत तपासलंच नव्हतं. ती तपासायला जाणार कुठे? डॉक्टर म्हणाले, झडपेत गाठ धरली. झडप चांगली होती.

कोणती झडप चांगली यावर डॉक्टर लोक अजून वाद घालतात असं मी ऐकते. माझी डुकराची झडप, पुढे झालेली मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत टिकली, मग झिजली, आणि दुसऱ्या वेळी मला धातूचीच बसवली. तोवर नांदेडला रक्त तपासून मिळायला लागलं होतं, म्हणून मी आज हे सांगते आहे. सेनगावची गेली, पण तिची झडप काही माझ्या झडपेपेक्षा कमी प्रतीची नव्हती. तिचं गाव लांब होतं, एवढंच.

त्या खेपेला मुंबईहून घरी येऊन मी रडले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, कोण गेलं? मी सांगितलं. कुठली, कुणाची, हेही सांगितलं. त्यांनी मला चहा करून दिला. मला तेव्हा वाटलं, यांना एक दिवस खरं सांगता येईल.

तो दिवस आला, पण मी धरला होता तसा नाही. मला दिवस गेले. सासूबाईंनी देवाला अभिषेक बोलला आणि स्वतः सोबत येऊन मला हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. नवराही होता. बाईंनी छातीवरची खूण पाहिली आणि विचारलं, झडप कसली? माझ्याआधी सासूबाई म्हणाल्या, "स्टीलची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. त्या स्वभावाने मऊ होत्या, पण बोलायला सरळ. धातूच्या झडपेवर बाळंतपण इथे निभणार नाही. गोळ्या घेतल्या तर लेकराला अपाय, नाही घेतल्या तर आई जाईल. दिवस कमी आहेत तोवर मोकळी करून घेतलेली बरी, आणि उशीर करू नका. सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

बाईंनी मग नळी लावली. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. "पण मला धातूचा आवाज येत नाही," त्या म्हणाल्या.

"येतो की!" सासूबाई रडता रडता म्हणाल्या. "म्या सोता ऐकला हाय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी त्याने बोलावं, एवढंच मला हवं होतं. खोटं त्याचं होतं, लेकरू दोघांचं होतं. तो पायाच्या अंगठ्याने फरशीची फट उकरत उभा राहिला. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघत होत्या, सासूबाईही. मी थांबले. तो बोलला असता तर मी त्याचे सगळे अपराध तिथल्या तिथे पोटात घातले असते. तो बोलला नाही.

"डुकराची आहे," मी म्हणाले. "मुंबईला बसवली तेव्हाच लेकरू व्हावं म्हणून ती बसवली."

"अगं, मग आधी सांगायचंस ना!" डॉक्टरीणबाई एकदम हसल्या. "मग ठेवू या की! मुंबईच्या डॉक्टरांना मी आजच लिहिते. जड उचलायचं नाही, नांदेडला बाळंतपण करायचं, होईल सगळं नीट." त्या आनंदाने बोलत होत्या आणि त्या खोलीत तो आनंद त्यांचा एकटीचाच होता. मला व्हायला हवा होता, पण माझं लक्ष सासूबाईंकडे होतं. त्या माझ्यापासून एक पाऊल मागे सरकल्या होत्या.

औंढ्याच्या गाडीत त्या वेगळ्या बाकावर बसल्या. घरी माझं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला, चूल आणि देवघर मला बंद झालं. भांडण नाही, शिव्या नाहीत. उलट खायला आधीपेक्षा चांगलं मिळायचं. भाकरीवर तुपाची धार असायची, पण दुरून वाढलेली. त्या माझ्या पोटातल्याला वाढत होत्या, मला नाही. भाऊबंदांना कळू नये म्हणून मला अंगणातही बसू देत नसत. एकदा मी म्हणाले, "आत्याबाई, मी तीच आहे." त्या म्हणाल्या, "ते म्या कुठं न्हाई म्हणले?" आणि आत गेल्या. सातव्या महिन्यात वडील न्यायला आले तेव्हा मला मोकळं वाटलं आणि मोकळं वाटल्याचं वाईट वाटलं.

नांदेडला मुलगी झाली. सुखरूप झाली. डुकराच्या झडपेने तो सगळा भार एकदाही न कुरकुरता ओढला. पुसेगावला आल्यावर मी रोज वाट बघायचे. एसटीचा आवाज आला की कान तिकडे. आईला वाटायचं मी लेकरासाठी जागी आहे.

शेवटी एके सकाळी सासूबाई आल्या. एकट्याच. त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं, टाळूचा वास घेतला, डोळ्याला पदर लावला. मग पिशवीतून झाकणाचा गडू आणि कापसाचा बोळा काढला. "गाईचं आणलंय," म्हणाल्या. "बोळ्यानं पाज. अंगावरचं नको पाजू."

"काहून?"

"दूध रगताचंच व्हतं ना बाई. आन तुझं रगत त्याच्यातून येतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग नऊ महिने ती कुणाच्या रगतावर वाढली, आत्याबाई?"

त्यांनी गडूचं झाकण घट्ट केलं. मग हळूच म्हणाल्या, "तुझंच बराबर असंल. पर मला त्याच घरात राह्याचंय." उठताना त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि गडू तिथेच सोडला. उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, "तो बी आलाय. थांब्यावर बसलाय. तूच जाऊन ये म्हणला."

मी मुलीला अंगावर घेतलं आणि ती पोटभर प्यायली. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होते, येईल, चार पावलांवर तर आहे. मग उठले. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. मी कानाला फडकं बांधलं, मुलीला पदराखाली घेतलं आणि निघाले. आई मागून हाका मारत होती.

गाडी आलेली होती. तो खिडकीशी बसला होता, सासूबाई पलीकडे तोंड फिरवून. मी मुलीला दोन्ही हातांनी वर धरलं, खिडकीच्या गजांपर्यंत. तो बघत राहिला. बोट बाहेर काढून त्याने तिच्या पावलाला लावलं. "नाक माझ्यावर गेलंय," तो म्हणाला.

"उतरा की," मी म्हणाले. "उतरा ना हो."

त्याने आईकडे पाहिलं. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली. तो नंतर कधी आला नाही, मीही गेले नाही. मुलीचं नाक खरंच त्याच्यावर गेलं आहे.